दोनदा वाकावे की वाकू नये? कोरियन ख्रिस्ती उपासनेची घडण

कोरियातील कॅथलिक मिस्सेत वेदीसमोर गुडघा टेकत नाहीत, कंबरेतून खोल वाकून वंदन करतात. युरोपात शांतीचे अभिवादन देताना लोक हात मिळवतात किंवा गालाला गाल लावतात. कोरियात शेजारी एकमेकांकडे वळून मान झुकवतात. वडीलधारे, पाहुणे, गुरू आणि मृत व्यक्ती या सर्वांपुढे वाकणे हा त्या समाजाचा जुना शिष्टाचार आहे. कोणापुढे किती वाकायचे आणि किती वेळा वाकायचे, हेही ठरलेले असते. जिवंत माणसाला एकदा, मृताला दोनदा. ख्रिस्ती धर्म कोरियात आला तेव्हा सर्वांत मोठा प्रश्न उभा राहिला तो याच दोन वेळा वाकण्याचा. क्रूस कुठे लावायचा किंवा देवळाचे छप्पर कसे असावे, हे प्रश्न पुष्कळ नंतरचे.

कोरियात हा धर्म आला तोही वेगळ्या वाटेने. मिशनरी पोहोचण्याआधी पुस्तके पोहोचली. 17व्या शतकापासून चीनला जाणाऱ्या कोरियन राजदूतमंडळांनी बीजिंगहून इटालियन जेझुइट मात्तेओ रिची याचे 'स्वर्गाधिपतीचा खरा अर्थ' हे चिनी पुस्तक आणले. हा रिची चीनला जाण्याआधी 1578 मध्ये गोव्यात उतरला होता. तिथे त्याने अभ्यास केला, शिकवले आणि कोचीनला त्याची पाद्री म्हणून दीक्षा झाली. चिनी विद्वानांशी कन्फ्यूशियसच्या ग्रंथांच्या आधाराने वाद घालणारे त्याचे पुस्तक कोरियन पंडितांच्या हाती पडले आणि 18व्या शतकात यी ब्योक याच्याभोवती जमलेल्या तरुण विद्वानांनी त्यावर चर्चा सुरू केली. त्यांच्यापैकी यी सुंग-हुन 1784 मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन परतला आणि त्याने इतरांना बाप्तिस्मा दिला. पाद्री नाही, बिशप नाही, परदेशी पैसा नाही, अशा स्थितीत कोरियातील मंडळी उभी राहिली. उपासनेचे कोरियन रूप कसे असावे याबद्दलच्या पुढच्या साऱ्या वादात ही सुरुवात लक्षात ठेवणे फार आवश्यक आहे, कारण इथला धर्म बाहेरून लादलेला नव्हता. स्थानिक लोकांनी तो मागून घेतला होता.

या मंडळीवर पहिला घाव पडला तो पितृविधीवरून. कोरियात याला 'जेसा' म्हणतात. पुण्यतिथीला, तसेच सॉल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसोक (सुगीचा सण) या सणांना घरातला वडील मुलगा पूर्वजांसाठी भात, सूप, मासे, फळे आणि मद्य मांडतो. पूर्वजाचे नाव लिहिलेली लाकडी पट्टी किंवा कागद समोर ठेवतो आणि सगळे दोनदा साष्टांग वाकतात. नंतर तेच अन्न कुटुंब एकत्र बसून खाते. आपल्याकडच्या श्राद्धाशी याचे साम्य चटकन लक्षात येते, पण चोसॉन या तत्कालीन कोरियन राज्यात जेसा घरापुरती नव्हती. पुत्रधर्म आणि राजनिष्ठा एकाच साखळीतल्या कड्या मानल्या जात, त्यामुळे जेसा नाकारणारा राज्यद्रोही ठरे.

रोमने हा विधी आधीच निषिद्ध ठरवला होता. चीनमध्ये जेझुइटांनी तो नागरी शिष्टाचार म्हणून चालवून घेतला होता. इतर संघांनी त्याला हरकत घेतली आणि 1742 मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी बंदी कायम केली. कोरियन ख्रिस्ती लोकांनी 1790 मध्ये बीजिंगच्या बिशपला विचारले, तेव्हा उत्तर आले की जेसा चालणार नाही. मंडळीत सामील झालेले कित्येक उच्चकुलीन विद्वान तिथेच थांबले. जे थांबले नाहीत त्यांच्यात जिनसानचा युन जी-चुंग होता. त्याने पूर्वजांच्या पट्ट्या जाळल्या आणि 1791 मध्ये आई वारल्यावर जेसा केली नाही. त्याच वर्षी जॉन्जू शहरात त्याचा आणि त्याचा नातेवाईक क्वोन सांग-योन याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर 1801, 1839, 1846 आणि 1866 मध्ये मोठे छळ झाले आणि हजारो माणसे मारली गेली.

एका खोलीत बसून युरोपीय धर्मपंडितांनी दिलेल्या निर्णयाची किंमत दुसऱ्या खंडातल्या शेतकऱ्यांनी आणि विधवांनी प्राणांनी मोजली, हे या इतिहासातले सर्वांत कटू सत्य आहे. दीडशे वर्षांनी, 1939 मध्ये, रोमने चिनी विधींवरची बंदी उठवली आणि पूर्वजांना वंदन करणे हा आदराचा नागरी आचार मानला. कोरियातही मग वाट मोकळी झाली. जे नाकारल्यामुळे युन जी-चुंग मेला, ते दीडशे वर्षांनी नातवंडांच्या नातवंडांना परवानगी म्हणून मिळाले. 2014 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात त्याला आणि इतर 123 हुतात्म्यांना 'धन्य' घोषित केले.

छळाच्या काळात मात्र उपासनेत काही कोरियन गोष्टी आपोआप रुजल्या. विद्वानवर्ग दूर झाल्यावर मंडळी डोंगरांत पळाली आणि मडकी भाजून जगू लागली. 'ओंग्गी' म्हणजे सोयाबीनची पेस्ट आणि किमची साठवायचे मोठे तपकिरी रांजण. ते डोक्यावर किंवा पाठीवर घेऊन गावोगावी विकता येत, आणि विकणाऱ्याला निरोप पोचवता येत. कोरियाचे पहिले कार्डिनल किम सू-ह्वान (1922–2009) अशाच कुंभार कुटुंबातले. त्यांनी स्वतःचे टोपणनावच 'ओंग्गी' ठेवले होते. आजच्या कोरियन चर्चच्या कलेत रांजणाचे चित्र दिसते, ते या स्मृतीतून आलेले आहे.

शब्दांचा आणि सुरांचा प्रवास त्याहून महत्त्वाचा. चोंग याक-जोंग याने हुतात्मा होण्याआधी 'जुग्यो योजी' हे धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले आणि विद्वानांची चिनी लिपी सोडून साध्या हंगुल लिपीत लिहिले, म्हणजे स्त्रिया आणि नोकरचाकर वाचू शकतील. कोरियाचा दुसरा पाद्री छ्वे यांग-ऑप (1821–1861) याने 'गासा' या देशी पद्यप्रकारात, चार-चार अक्षरांच्या लयीत धर्मगीते रचली. हे गात गात शिकता येई, पुस्तक पकडले जाण्याची भीती नसे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ओवीत क्रिस्तपुराण रचले (1616 मध्ये ते प्रथम छापले गेले), त्यामागेही हाच विचार होता: लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या लयीत कथा गेली की ती घरात राहते.

या घरगुती परंपरेचे सर्वांत जिवंत रूप म्हणजे 'योंदो', मृतांसाठीची प्रार्थना. स्तोत्रे आणि संतांच्या नावांची माळ दोन गट आळीपाळीने गातात. सूर युरोपीय नाही. शोकगीतासारखा लांबवलेला, थरथरणारा कोरियन सूर आहे. 1860च्या दशकात छापलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकातून ही प्रार्थना पसरली आणि पाद्री नसलेल्या वस्त्यांत गावकऱ्यांनीच मयताची जबाबदारी घेतली. आजही सोलच्या एखाद्या रुग्णालयाच्या अंत्यविधिगृहात कॅथलिक घरचे मयत असेल तर विभागातले लोक पाळीपाळीने येतात, जमिनीवर बसतात आणि तासन्‌तास योंदो म्हणतात. अनेक कोरियन कुटुंबे ही मदत पाहूनच मंडळीत आली आहेत. समितीने ठरवून ही प्रार्थना कोरियन केलेली नाही. शोकाला गळा कोरियनच मिळाला, म्हणून ती तशी झाली.

प्रोटेस्टंट मिशनरी शंभर वर्षांनी आले. अमेरिकन पाद्री अंडरवुड आणि ॲपेन्झेलर 5 एप्रिल 1885 रोजी, ईस्टरच्या दिवशी, इंचॉन बंदरात उतरले. पण त्यांच्याही आधी मांचुरियात स्कॉटिश मिशनरी जॉन रॉस आणि त्याच्या कोरियन सहकाऱ्यांनी लूकचे शुभवर्तमान 1882 मध्ये हंगुलमध्ये छापले होते. 1890 मध्ये जॉन नीव्हियस हे मिशनरी सोलला येऊन गेले आणि त्यांची पद्धत स्वीकारली गेली: स्थानिक मंडळीने आपले देऊळ स्वतःच्या पैशाने, स्वतःला परवडेल तसे बांधावे. या आर्थिक नियमाचा परिणाम थेट वास्तूवर झाला. पैसे नव्हते, म्हणून लोकांनी आपल्या माहितीची लाकडी, कौलारू घरे बांधली.

जॉल्ला प्रांतातील गिमजे इथले ग्युमसान चर्च (1908) याचे उत्तम उदाहरण आहे. हे घर काटकोनात वळलेले आहे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया आणि कोपऱ्यात उपदेशाची जागा. परपुरुष आणि परस्त्री यांनी एकमेकांना पाहू नये हा रिवाज त्यामुळे पाळला गेला आणि दोघेही उपदेशकाला पाहू शकले. पुरुषांच्या भागातील आढ्यावर बायबलचे वचन चिनी लिपीत आहे, स्त्रियांच्या भागात हंगुलमध्ये. याच मंडळीत गावचा जमीनदार चो दॉक-साम आणि त्याचा घोड्यांची निगा राखणारा नोकर यी जा-इक दोघेही होते. वडीलपदासाठी मतदान झाले तेव्हा मंडळीने नोकराला निवडले. जमीनदाराने तो निर्णय मानला आणि पुढे त्याला धर्मशिक्षणासाठी आधारही दिला. इमारतीने स्त्री-पुरुषांची जुनी विभागणी जपली, तर मतदानाने मालक-नोकराची विभागणी मोडली. स्थानिक रूप घेणे म्हणजे स्थानिक सगळेच जपणे नव्हे, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

इंचॉनजवळच्या गांगह्वा बेटावरील अँग्लिकन देऊळ (1900) अधिक जाणीवपूर्वक घडवलेले आहे. बिशप कॉर्फ यांच्या काळात पाद्री मार्क ट्रोलोप यांनी ते उभारले. बाहेरून ते बौद्ध मंदिर किंवा कन्फ्यूशियन सभागृह वाटते: दुमडलेल्या कडांचे कौलारू छप्पर, दारावर ताएगुक म्हणजे लाल-निळे वर्तुळ, खांबांवर चिनी अक्षरांतल्या वचनांच्या पाट्या, मंदिरासारखी घंटा. आत मात्र रोमन काळातील ख्रिस्ती सभागृहाची रचना आहे: मधली उंच मार्गिका, दोन्ही बाजूंना खांब, वरच्या झरोक्यांतून उजेड. टेकडीवरच्या त्या जागेकडे जहाजाच्या आकाराची म्हणून पाहिले जाते, म्हणजे नोहाचे तारू. गांगह्वाच्या लोकांना समोरचा समुद्र आणि जहाज हे रोजच्या जगण्यातलेच होते. जपानी राजवटीत घंटा युद्धासाठी धातू म्हणून काढून नेली गेली, ती 1989 मध्ये पुन्हा ओतली गेली.

कॅथलिकांचे नाबावी देऊळ (इकसान, 1907) फ्रेंच पाद्र्यांनी लाकडी कोरियन इमारत म्हणून बांधले आणि 1916 मध्ये त्याला विटांचा गॉथिक मनोरा जोडला. याच परिसरात कोरियाचा पहिला पाद्री किम दे-गॉन 1845 मध्ये शांघायहून गुपचूप परतला होता. या देवळाचे रूप अर्धे एक, अर्धे दुसरे आहे आणि तरीही ते विसंवादी वाटत नाही. उलट सोलचे म्यॉन्गदोंग कॅथेड्रल (1898) संपूर्ण गॉथिक आहे, आणि पुढच्या शतकात बहुतेक शहरी देवळांनी तोच नमुना घेतला. कोरियन युद्धानंतर सिमेंटचे टोकदार मनोरे आणि रात्री पेटणारे लाल निऑन क्रूस हीच शहरांतल्या चर्चची ओळख बनली. आधुनिक होणे म्हणजे पाश्चात्त्य होणे, अशी त्या पिढीची खात्री होती, आणि उद्ध्वस्त देशाच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे कौलारू देवळांची परंपरा जवळजवळ तुटली, हे नुकसानच आहे.

त्याच युद्धाच्या धुमाळीत एका चित्रकाराने कोरियन येशू रंगवला. किम की-छांग (1913–2001), टोपणनाव उन्बो, लहानपणी विषमज्वराने बहिरा झाला होता. निर्वासित म्हणून गुनसानला राहत असताना 1952–53 मध्ये त्याने येशूच्या चरित्राची तीसएक चित्रांची मालिका रेशमावर शाईने आणि रंगाने काढली. तिच्यात येशू चोसॉन काळातील विद्वानाच्या पोशाखात आहे: घोड्याच्या केसांची काळी रुंद टोपी 'गात' आणि लांब पांढरा झगा 'दोपो'. मारिया हानबोक या पारंपरिक कोरियन पोशाखात आहे आणि तिला सुवार्ता सांगणारी देवदूत कोरियन लोककथांतील स्वर्गकन्येसारखी आहे. शेवटच्या भोजनाला शिष्य जमिनीवर बसले आहेत. ही फक्त वेशभूषेची बदलाबदल नाही. युद्धामुळे निर्वासित झालेल्या माणसाने येशूचा छळ आपल्याच अंगणात घडताना पाहिला, ही त्या चित्रांची ताकद आहे. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघात राहून मारियेला साडी नेसवणारा गोव्याचा आंजेलो दा फोन्सेका (1902–1967) त्याचा समकालीन होता. दोघांनाही आपल्याच धर्मबांधवांकडून 'हे आपले नव्हे' असे ऐकावे लागले असल्यास नवल नाही, कारण नवख्रिस्ती समाज बहुधा परक्या चेहऱ्यालाच पवित्र मानू लागतो.

शिल्पात ही देवाणघेवाण उलट्या दिशेनेही झाली. सोलमधील गिलसांगसा बौद्ध मंदिरात 2000 मध्ये बसवलेली अवलोकितेश्वराची मूर्ती कॅथलिक शिल्पकार छ्वे जोंग-ते याने घडवली. ती मारियेच्या पुतळ्याशी इतकी मिळतीजुळती आहे की पाहणारा क्षणभर थबकतो. त्या मंदिराच्या उद्घाटनाला 1997 मध्ये कार्डिनल किम सू-ह्वान आले होते, आणि पुढच्याच वर्षी मंदिराचे भिक्षू बॉपजॉंग म्यॉन्गदोंग कॅथेड्रलमध्ये बोलले.

विधींच्या मूळ वस्तूंत मात्र बदल कमीच झाला. कॅथलिक नियमानुसार भाकर गव्हाची आणि मद्य द्राक्षाचेच हवे. कोरियाच्या जेवणात भात, तांदळाचे केक आणि तांदळाची मद्ये आहेत, तरी मिस्सेत ती चालत नाहीत. त्यामुळे देशी द्राक्षांपासून वाइन करण्याचा मार्ग निघाला आणि 1977 पासून 'माजुआंग' ही कोरियन वाइन मिस्सेसाठी वापरली जाऊ लागली. भात मात्र दुसऱ्या दाराने आत आला. 20व्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रोटेस्टंट स्त्रिया रोज भात शिजवताना घरच्या प्रत्येक माणसामागे चमचाभर तांदूळ बाजूला काढून पिशवीत साठवत आणि रविवारी देवळाला देत. याला 'सॉंगमी' म्हणत. पैसा हाती नसलेल्या स्त्रियांना यामुळे दान देता आले आणि पाद्र्यांचे व गरिबांचे पोट भरले. धर्मशास्त्रात कुठेही नोंद नसलेले हे तांदूळ कोरियन उपासनेतील एक खरे प्रतीक आहेत.

तसेच पहाटेच्या प्रार्थनेचे. प्याँगयांगच्या जांगदेह्यॉन चर्चचे गिल सॉन-जू हे आधी ताओपंथी साधना करणारे होते. पहाटे उठून एकाग्र होणे त्यांच्या अंगवळणी होते. 1907 च्या मोठ्या धर्मजागृतीच्या सुमारास त्यांनी मंडळीला पहाटे एकत्र प्रार्थनेला बसवले, आणि आज कोरियाच्या बहुतेक प्रोटेस्टंट चर्चांत रोज पहाटे पाचच्या आसपास दिवे लागतात. सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे आणि उपवासासाठी डोंगरावरच्या प्रार्थनागृहांत जाणे, हेही कोरियाच्या जुन्या डोंगरपूजेच्या आणि साधनेच्या वातावरणात सहज बसले. ज्या मंडळींना जेसा नकोशी वाटते, त्याच मंडळींची ही सवय पूर्णपणे देशी मातीत रुजलेली आहे. ती कोणी देशी म्हणून मांडली नाही, म्हणून तिला कोणी आक्षेपही घेतला नाही.

उलट जे बदल पंडितांनी सिद्धान्त म्हणून मांडले, त्यांची वाट खडतर झाली. 1960च्या दशकात युन सॉंग-बॉम यांनी कोरियाच्या दान्गुन पुराणकथेत त्रैक्याच्या खुणा शोधल्या. र्यू दोंग-शिक यांनी शामानी परंपरेत कोरियन आध्यात्मिकतेचा गाभा पाहिला. 1970च्या दशकातील 'मिन्जुंग' (सामान्य जनता) धर्मचिंतकांनी मुखवट्यांचा 'तालछुम' नाच, शेतकऱ्यांचे ढोल आणि दडपलेल्या दुःखाची भावना उपासनेत आणली. 1991 मध्ये कॅनबेरा येथील जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात चुंग ह्युन-क्यॉंग या तरुण धर्मपंडितेने शोषितांच्या आत्म्यांना आवाहन केले आणि पवित्र आत्म्याची प्रतिमा म्हणून ग्वानुम या करुणेच्या देवतेचा उल्लेख केला. ऑर्थोडॉक्स आणि इव्हँजेलिकल प्रतिनिधींनी तीव्र विरोध केला. पुढच्याच वर्षी धर्मांच्या बहुलतेचे समर्थन करणारे प्राचार्य ब्यॉन सॉन-ह्वान यांना कोरियन मेथडिस्ट चर्चने बहिष्कृत केले. त्यांचे विचार सर्वांना पटावेत असे नाही, पण विद्यापीठाच्या पातळीवर हे प्रश्न विचारणाऱ्यांना बाहेर काढून चर्चने स्वतःचेच नुकसान केले.

प्रोटेस्टंटांचा संशय केवळ हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. 1930च्या दशकात जपानी राज्यकर्त्यांनी शिंतो मंदिरांपुढे वाकणे सक्तीचे केले आणि 1938 मध्ये पोलिसांच्या दबावाखाली प्रेस्बिटेरियन महासभेने ते मान्य केले. पाद्री जू गी-छॉल यांनी नकार दिला आणि 1944 मध्ये ते तुरुंगात मेले. ज्या समाजात न वाकल्याबद्दल तुरुंग भोगावा लागला, तिथे पूर्वजांपुढे वाकण्याचे वादही त्या जखमेच्या सावलीत होतात. म्हणून प्रोटेस्टंटांनी जेसाऐवजी 'छुदो येबे' ही स्मरणसभा घडवली: पुण्यतिथीला कुटुंब जमते, गीत गाते, वचन वाचते, मृत व्यक्तीच्या आठवणी सांगते. मेजवानीही होते, पण फोटोपुढे कोणी वाकत नाही. अंत्यविधीतही अनेकजण दोन वेळा वाकण्याऐवजी पांढरी शेवंती ठेवून मान खाली घालून उभे राहतात.

कॅथलिकांनी उलट वाट धरली. कोरियाच्या बिशपांनी घरगुती विधीसाठी स्वतंत्र क्रम तयार केला आहे. त्यात टेबलावर क्रूस आणि मृताचा फोटो ठेवता येतो, जेवण मांडता येते, वाकता येते, पण पूर्वजाच्या आत्म्याचे आसन दर्शवणारी पट्टी ठेवत नाहीत. सॉल्लाल आणि छुसोकला देवळांत मृतांसाठी खास मिस्सा होते. 2015 च्या जनगणनेत दक्षिण कोरियात प्रोटेस्टंट सुमारे 19.7 टक्के, कॅथलिक 7.9 टक्के होते. सणाच्या दिवशी एकाच घरात भाऊ जेसा करतो, बहीण योंदो म्हणते आणि भावजय बाजूला उभी राहते, असे प्रसंग त्यामुळे नेहमीचे आहेत. आज तर जेसाच आटत चालली आहे. कन्फ्यूशियन संस्था सॉंगग्युनग्वाननेच 2022 मध्ये छुसोकचे ताट साधे ठेवण्याचा सल्ला दिला.

या दोनशे चाळीस वर्षांच्या वाटचालीत टिकले ते असे: खोल वाकणे, सुरात रडणे, चमचाभर तांदूळ, पहाटे उठणे. लोकांनी ज्या गोष्टी शरीराने केल्या त्या रुजल्या, आणि केवळ चर्चेत मांडलेल्या प्रतिमा बहुतेक चर्चेतच राहिल्या. सप्टेंबर 2023 मध्ये व्हॅटिकनच्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या बाहेरच्या एका कोनाड्यात गात आणि दोपो घातलेला किम दे-गॉन संगमरवरात उभा राहिला. शिल्पकार हान जिन-सब कोरियन आहे. कॅथलिक युवकांचा जागतिक मेळावा 2027 च्या ऑगस्टमध्ये सोलमध्ये ठरलेला आहे. तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांनी म्यॉन्गदोंग पाहावेच, पण एक दिवस काढून गांगह्वाला जावे. तिथल्या लाकडी देवळात आजही उपासना होते.